पिवळ्या दोऱ्याची खूण

टाकेबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. नवरा होता तेव्हा तो शिंपी होता, चांगला नावाजलेला. नव्या कापडाला कात्री लावायचा मान त्याचा. बाईंच्या वाट्याला यायचं ते उसवलेलं, फाटलेलं, आखूड झालेलं आणि पोट सुटल्यामुळे न बसणारं. नवरा गेल्यावर नवे कपडे शिवून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं गेली, उसवलेली तेवढी राहिली. जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत एक मशीन, कडेचा पारा उडालेला एक आरसा, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि आडोशाला पडदा, एवढ्यावर बाईंनी मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं आणि सून घरात आणली.

या धंद्याचं एक दुर्दैव आहे. नवा कोट घालून माणूस चारचौघांत मिरवतो, विचारलं तर शिंप्याचं नावही सांगतो. आत घेतलेली कंबर कुणी मिरवत नाही. दुरुस्ती जितकी चांगली तितकी ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक कोण करणार? नवऱ्याच्या कोटांबद्दल लोक अजून बोलायचे. टाकेबाईंच्या टाक्यांबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. हे त्यांना लागायचं. तोंडानं त्या म्हणायच्या, "आपल्याला काय करायचंय कौतुक घेऊन," पण असं म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तेच हवं असतं.

सून घरी बसून कुठल्याशा कंपनीचं संकेतस्थळ सांभाळायची. स्वभावानं चांगली, पण रिकामा कोपरा दिसला की तिथे काहीतरी मांडलंच पाहिजे अशी. एकदा टाकेबाई जेवताना सांगत होत्या की एका माणसाच्या कोटाच्या अस्तरात त्यांना दडवलेली शिट्टी सापडली आणि त्यानं ती लाजून परत घेतली. सून घास हातात धरून ऐकत राहिली आणि म्हणाली, "आई, हे तुम्ही लिहीत का नाही? मी तुम्हाला ब्लॉग काढून देते."

"त्यानं काय होईल?"

"लोक वाचतील. उत्तरं देतील. गप्पा होतील."

मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी."

"न्हावी रिकामा असेल, मी नाही," टाकेबाई म्हणाल्या आणि केवळ त्याच्यावरच्या रागापोटी तयार झाल्या. ब्लॉगचं नाव त्यांनीच ठेवलं, 'आतली बाजू'.

सुरुवातीला त्यांनी जे लिहिलं ते वाचायला कुत्रंही फिरकलं नाही. बाह्या आखूड करताना कफ कसा उचलावा, जाड कापडाला कुठली सुई लावावी, कॉलर उलटी कशी करावी. सुनेनं वाचलं आणि शिक्षकासारखी पुढ्यात बसली. "आई, लोकांना कापडाशी देणंघेणं नसतं. कापडातल्या माणसाशी असतं. शिट्टीवाल्याचं लिहा. दर आठवड्याला एकाच दिवशी लिहा, म्हणजे लोक वाट बघतात. शेवटी वाचणाऱ्यांना काहीतरी विचारा. आणि मुख्य म्हणजे, जो कुणी दोन शब्द लिहील त्याला उत्तर द्यायचंच. एकालाही सोडायचं नाही. दारात आलेल्याला आपण या-बसा म्हणतो ना, तसंच."

हे शेवटचं टाकेबाईंना मनापासून पटलं. सुनेनं आणखी एक युक्ती काढली. ब्लॉगचा पत्ता छापलेल्या बारक्या चिठ्ठ्या तिनं आणून दिल्या आणि दुरुस्त झालेला प्रत्येक कपडा ज्या कागदी पिशवीत जायचा, तिच्यावर त्या चिकटवायला लावल्या. टाकेबाई चिकटवत राहिल्या. पुढे पुढे तर हाताला इतकी सवय झाली की पिशवी घेतली की चिठ्ठी आपोआप लागायची, डोक्याला विचारावं लागायचं नाही. ही चिठ्ठी लक्षात ठेवा, कारण टाकेबाई ती विसरल्या.

पहिला बाहेरचा वाचक आला तो स्वतःला 'खिडकीशेजारी' म्हणवून घेणारा. शिट्टीच्या गोष्टीखाली त्यानं लिहिलं होतं, 'मीही आयुष्यभर एक शिट्टी खिशात बाळगली, पण ती नोकरीची होती, लपवावी लागली नाही. छान लिहिता. पुढचं कधी?' टाकेबाईंनी ते कितीदा वाचलं कोण जाणे. उत्तर लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली. मग ते रोजचंच झालं. खिडकीशेजारी थट्टेखोर होता. चेनपेक्षा बटण बरं, बटण निदान आधी सैल होऊन इशारा देतं, असं काहीबाही लिहायचा. सकाळी दुकान उघडलं की मशीनला तेल घालायच्या आधी टाकेबाई त्याचं काही आलंय का बघायच्या. नवरा गेल्यापासून रोज त्यांची चौकशी करणारं ते पहिलं माणूस होतं.

त्याच सुमारास लायब्ररीबाई सदरे घेऊन आल्या. या बाई जवळच्याच वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायच्या, म्हणून त्यांना गल्लीत हे नाव. जुनं गिऱ्हाईक. टाकेबाईंची एक पद्धत होती: कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक नेहमीच्या घराला दोऱ्याचा एक रंग दिलेला असायचा. कपडा आला की खालच्या काठाला आतल्या बाजूनं त्या रंगाच्या दोन बारीक फुल्या घालायच्या. बेकरीवाल्याचा रंग तांबडा, दातांच्या डॉक्टरांचा हिरवा, लायब्ररीबाईंच्या घराचा पिवळा.

त्या दिवशी बाईंनी पडदा ओढून घेतला आणि मगच पिशवीतून नवऱ्याचे सदरे काढले. "थोडे आत घ्यायचेत. दोन्हीकडून अगदी थोडे. आणि विजारींची कंबरही. त्यांना कळता कामा नये."

लायब्ररीबाईंचा नवरा पूर्वी बसवर कंडक्टर होता. आडवातिडवा, सीटमधून निम्मा बाहेर. आता कसल्याशा दुखण्यानं तो आतून झिजत चालला होता आणि डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. "मागे एकदा ह्यांना पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं," बाई सांगू लागल्या. "ते भोक बघितलं आणि हे भिंतीकडे तोंड करून पडले. अन्नाला शिवेनात. कशीबशी समजूत काढली की पट्टाच ताणला गेलाय, जुना झालाय. तेव्हा कुठे जेवले. सदरा नीट बसतोय तोवर जेवतील हो. एकदा का अंगावर लोंबायला लागला, की संपलं. आरसा मी दुरुस्तीला म्हणून काढून ठेवलाय. दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहतात तेव्हा चष्मा माझ्या हातात असतो."

"आतलं जास्तीचं कापून टाकू?"

"कापू नका. पुन्हा भरले की सैल करायचेत ना." हे म्हणताना बाईंनी टाकेबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

टाकेबाईंनी जन्मात केलं नसेल इतकं जीव ओतून ते काम केलं. शिवण मुळात होती तशीच, जुन्या टाक्यांच्या मापानं. इस्त्री अशी की नवी घडी दिसू नये. पुढच्या खेपेला लायब्ररीबाईंनी हात धरून सांगितलं, "काही कळलं नाही त्यांना. दोन वेळा जेवतायत." आणि टाकेबाईंना वाटलं, एवढं चांगलं काम झालं आणि नेमकं हेच कुणाला दिसणार नाही.

म्हणून त्यांनी लिहिलं. काळजी घेऊन लिहिलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कंडक्टरचा त्यांनी गवंडी केला, वाचनालयाचं नाव काढलं नाही, रेघांच्या सदऱ्याचा चौकड्यांचा केला. शेवटी सुनेच्या शिकवणीप्रमाणे प्रश्न विचारला, 'तुम्ही असं कुणासाठी काही लपवलंय का?'

मग काय विचारता. जिथे चारदोन माणसं यायची तिथे रीघ लागली. माणसांनी आपापल्या घरातलं काढून टाकेबाईंसमोर ठेवलं. कुणी आईपासून भावाचं मरण लपवलेलं, कुणी पोरांपासून गेलेली नोकरी. एकानं लिहिलं, 'टाकेबाई, तुमच्या हातांना नमस्कार.' टाकेबाईंनी मशीनवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. खिडकीशेजारीनंही लिहिलं होतं, 'ती बाई शहाणी दिसते. नवरा मात्र बैल असणार, स्वतःचं अंग त्याला कळत नाही.' टाकेबाईंनी उत्तर दिलं, 'बैल नाही हो, प्रेमळ असेल. बायकोवर विश्वास ठेवतो.'

यानंतर टाकेबाई हळूहळू बदलल्या. दर आठवड्याला लोक विचारायचे, सदऱ्याचं पुढे काय? दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं तर कुणी ढुंकून बघायचं नाही. मग टाकेबाई लायब्ररीबाईंची वाट बघायला लागल्या. पूर्वी त्या गिऱ्हाइकाला पाणी देऊन कामाला लागायच्या. आता स्टुलावर बसवून खोदून खोदून विचारायच्या. काल काय खाल्लं, झोप लागते का, काय बोलले. लायब्ररीबाईंना बिचाऱ्यांना वाटायचं, किती माया करतात. जगात त्यांनी हे एवढ्या एकाच ठिकाणी बोलून दाखवलं होतं. आणि एकदा दोन आठवडे सदरे आले नाहीत, तर टाकेबाईंच्या मनात आलं, अजून कसे आले नाहीत? लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून वाट बघणं थांबलं असं नाही.

पुढच्या खेपेला सुनेनं सुचवलं, "आई, एखादा फोटो टाका. चेहरा नको, नाव नको, नुसती शिवण. लोकांना विश्वास बसतो." टाकेबाईंनी सदरा उलटा करून आतली शिवण दाखवणारा फोटो काढला. रेघा दिसू नयेत म्हणून उजेड कमी केला, कंपनीची पट्टी अंगठ्यानं झाकली. एवढी खबरदारी घेणाऱ्या बाईला खालच्या काठाच्या दोन पिवळ्या फुल्या दिसल्या नाहीत. दिसणार कशा, त्या त्यांच्या स्वतःच्याच हातच्या. आणि सदऱ्याची आतली बाजू शिंप्याशिवाय कोण बघतं?

त्या फोटोखाली एका नव्या वाचकानं विचारलं, 'तुम्ही जाणत्या आहात. तुमच्या अंदाजानं अजून किती वेळा आत घ्यावा लागेल?'

प्रश्न कसला आहे, हे खरं तर टाकेबाईंच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, उत्तरं द्यायची पुष्कळ राहिली होती, आणि जाणत्या म्हटलेलं कुणाला आवडत नाही? त्यांनी झटकन लिहिलं, 'एकदा, फार तर दोनदा. त्यापुढे खिसा शिवणीत जातो. मग सदऱ्यात काही राहत नाही.' त्या उत्तराची लोकांनी इतकी वाहवा केली की विचारू नका. कुणीतरी लिहिलं, वाचून अंगावर काटा आला.

एकटा खिडकीशेजारी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढेही नाही. टाकेबाई इतरांना उत्तरं देत राहिल्या, पण मन लागेना. एवढी माणसं झाली आणि पहिलंच नाहीसं झालं, असं त्यांनी सुनेला बोलून दाखवलं. सून म्हणाली, "जातात हो आई. वाचक येतात-जातात."

मग एका सकाळी दुकान उघडल्यावर त्याचं वाक्य दिसलं. फोटोखाली, टाकेबाईंच्या त्याच उत्तराला धरून लिहिलेलं: 'काही राहत नाही म्हणता, तर सगळं उसवूनच बघू या. होता किती, ते तरी कळेल.'

टाकेबाईंना आधी ती नेहमीची थट्टा वाटली. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटेना. त्या तेलाची बाटली हातात घेऊन तशाच बसल्या असताना पडद्याबाहेर पावलं वाजली आणि लायब्ररीबाई आत आल्या. कामावर जायची वेळ होऊन गेली होती, तरी त्या घरच्याच कपड्यांत होत्या. दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं कपड्यांचं गाठोडं.

"सगळे आणलेत," त्या म्हणाल्या. "उसवा. पूर्वी होते तसे करून द्या."

"काय झालं?"

"कळलं त्यांना." त्या स्टुलावर बसल्या. "परवा मी कामावरून आले तर खिडकीशेजारी बसलेले. दिवसभर तिथेच बसतात, मोबाइल घेऊन. कुठलं कुठलं वाचतात आणि एकटेच हसतात. काही विचारलं तर म्हणायचे, आपली एक मैत्रीण आहे. मला बरं वाटायचं, मन रमतंय. परवा मोबाइल बाजूला पडलेला आणि सगळे सदरे उलटे करून पलंगावर पसरलेले. एकेकाचा काठ चाचपत होते. तेव्हापासून पोटात अन्नाचा कण नाही. आज सकाळी एवढंच म्हणाले, सगळे उसवून आण, मग जेवतो."

काठ म्हणजे फोटोतल्या पिवळ्या फुल्या. शिट्टी नोकरीची म्हणजे बसची. बैल म्हणजे तो स्वतः. ज्या पिशव्यांतून त्या घरचे कपडे जायचे, त्या प्रत्येक पिशवीवर त्यांनीच आपल्या हातानं ब्लॉगचा पत्ता चिकटवून त्याच्या घरी पोचवला होता. त्याच्या मरणाचा अंदाज त्यांनी अनोळखी माणसांना सांगितला होता आणि तो स्वतः त्या माणसांत बसून वाचत होता.

"पण त्यांना कळलं कसं हो?" लायब्ररीबाई म्हणाल्या. "मी कुणाला बोलले नाही. एक तुम्ही सोडून. विचारलं तर म्हणतात, टाक्यांवरून कळलं. इतके चांगले टाके, त्यांवरून कसं कळेल?"

म्हणजे त्यानं टाकेबाईंचं नाव घेतलं नव्हतं. एक शब्द न बोलता सुटता आलं असतं. टाकेबाईंना तसा मोह झाला, हेही खरंच सांगायला हवं. आपले टाकेच कमी पडले म्हणावं आणि गप्प बसावं. पण त्याच टाक्यांची बाई आत्ता तारीफ करत होती, आणि ती ऐकवेना.

"मी लिहिलं," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

टाकेबाईंनी मोबाइल पुढे केला. लायब्ररीबाईंनी चष्मा लावला. रोज पुस्तकं हाताळणारी बाई, वाचनाची सवय होती. पण हे त्यांनी फार सावकाश वाचलं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "हे सगळे कोण?"

"वाचणारे. मला ठाऊक नाहीत."

"ह्यांना सगळ्यांना आमच्याबद्दल ठाऊक होतं?"

"हो."

"त्यांना स्वतःला कळायच्या आधी?"

टाकेबाईंनी होकारार्थी मान हलवली. लायब्ररीबाई वाचत 'फार तर दोनदा' या उत्तरापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. मोबाइलचा उजेड मंद झाला, विझला, तरी त्या त्याच्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी तो मशीनच्या फळीवर पालथा ठेवला.

"मी तुम्हाला पडदा ओढून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

टाकेबाई रडायला लागल्या. लायब्ररीबाईंनी त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही. गाठोडं पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "दुसरीकडे गेले असते मी. पण मूळ शिवण कुठे होती ते तुम्हालाच माहीत. मी बसते इथेच. घरी ते उपाशी बसलेत, तेव्हा हात चालवा."

टाकेबाईंनी टाके काढायची उसवणी घेतली. पहिला सदरा तोच, रेघांचा, फोटोतला. खिडकीशेजारी नाव घेऊन ज्यानं आपल्याला रोज सकाळी हसवलं, त्याच्या बरगड्यांवरून आपण सुई फिरवत होतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. एका शिवणीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. प्रत्येक खेपेचे टाके वेगळे ओळखू येत होते. दोरे निघत गेले, घड्या मोकळ्या होत गेल्या. फळीवर पालथा पडलेला मोबाइल पुन्हा पुन्हा वाजत होता. लोक विचारत असणार, पुढे काय झालं. कुणीही तो उचलला नाही.

शेवटची शिवण सुटल्यावर टाकेबाईंनी सदरा मशीनच्या फळीवर पसरला आणि दोघी बघत राहिल्या. धुऊन धुऊन सदरा फिका पडला होता, पण आत दडलेल्या कापडाला ऊन लागलं नव्हतं की ब्रश. दोन्ही कडांना काखेपासून खालपर्यंत नव्या कापडाचे गडद पट्टे उठून दिसत होते. शिंपिणीच्या ध्यानात ते आधी यायला हवं होतं. असा सदरा घरी नेऊन त्याला दाखवायचा होता, आणि मग जेवायला वाढायचं होतं.

लायब्ररीबाईंनी एका पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा हातापेक्षा रुंद होता. मग दुसऱ्या कडेला दुसरा हात ठेवला. दर खेपेला त्यांनी थोडं थोडंच आणलं होतं, अगदी थोडं, कुणाला कळू नये इतकं. एकत्र त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

"टाकेबाई," त्या म्हणाल्या, "एवढं गेलं का हो?"

विचारणाऱ्या एकाही माणसाला टाकेबाईंनी आजवर उत्तराशिवाय पाठवलं नव्हतं. त्यांनी गाठोड्यातला दुसरा सदरा ओढला, उलटा केला आणि पिवळ्या फुल्यांपासून उसवायला लागल्या.